पांढरी गुरं

"मग किल्ली द्यायची कोणाला?" विदोसावाने विचारलं.

मंत्रालयाकडून आलेली नेवेना टॅबलेटवर एकेका वस्तूपुढे खूण करत होती. तिने मान वर केली. "कसली किल्ली, मावशी?"

"या खोलीची. रॉकेटं ठेवायची खोली ना ही? बावीस वर्षं माझ्या एप्रनच्या खिशात आहे. सरकारी वस्तू आहे, परत नको घ्यायला?"

नेवेनाने यादी वरून खाली वाचली आणि खालून वर वाचली. रॉकेट सोडायच्या नळकांड्यांचा एक संच, एक दुर्बीण, कानांवर लावायच्या टोपणांची एक जोडी, एक रेडिओ, बावीस नोंदवह्या. "यादीत किल्ली नाहीच आहे."

"वा! म्हणजे मी इतकी वर्षं उघडत होते ती खोली कागदावर बंदच होती म्हणायची."

नेवेनाला हसू आलं. मुलगी बेलग्रेडची, तिशीच्या आतबाहेरची, आणि सरकारी माणसाच्या मानाने बरीच ओशाळी. सकाळपासून तिने चार वेळा माफी मागितली होती. पहिली उशीर झाल्याबद्दल, आणि उरलेल्या तीन कशाबद्दल ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"ठेवा तुम्ही ती," ती म्हणाली. "आठवण म्हणून."

"आठवणींचा तुटवडा नाही गं मला," विदोसावा म्हणाली आणि किल्ली परत खिशात टाकली.

लिपोवाच हे गाव डोंगराच्या उतारावर पसरलेलं आहे. वर प्लमच्या बागा, मध्ये रास्पबेरीचे ताटवे, आणि अगदी खाली बेलित्सा नदी. जुलैत रास्पबेरी पिकते. पंधरा मिनिटं गारा पडल्या की वर्षाचं पीक लाल चिखल होऊन जातं. म्हणून विदोसावाच्या परड्याच्या वरच्या टोकाला सरकारने फार पूर्वी एक पत्र्याची खोली बांधली आणि तिच्यासमोर नळकांडी बसवायचा लोखंडी घोडा उभा केला. चाचाकच्या रडार केंद्रातून हुकूम आला की ढगाच्या पोटात रॉकेटं सोडायची. रॉकेटातली भुकटी ढगात पसरते, मोठ्या गारा धरायच्या आधीच बारीक होतात, असं शास्त्र सांगतं. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रॉकेटं सोडणाऱ्या नेमबाजाने हाकेच्या अंतराबाहेर जायचं नाही. विदोसावाने सख्ख्या भाचीचं लग्न चुकवलं होतं, कारण ते ऑगस्टमध्ये होतं.

गाव तिला गोळंदाजीण म्हणायचं. तोंडावर कौतुकाने, मागे कसं ते विचारू नये. गारा पडल्या तर गोळंदाजीण झोपली होती. पाऊस पडला नाही तर गोळंदाजिणीने रॉकेटं मारून ढग पळवले. आणि पाऊस वेळेवर पडला, गारा पडल्या नाहीत, तर ती देवाची कृपा. या नोकरीत यशाचा वाटा देवाला आणि अपयशाचा नेमबाजाला, अशी वाटणी ठरलेलीच होती.

आता त्या वाटणीत यंत्र आलं होतं. मंत्रालयाने देशभरातली माणसांची ठाणी मोडीत काढून स्वयंचलित ठाणी बसवायचं धोरण आखलं होतं. नेमबाज म्हातारे होत चालले आहेत, नवे कोणी मिळत नाहीत, आणि माणूस चुकतो, असं पत्रात लिहिलं होतं. त्यातली पहिली दोन कारणं विदोसावालाही पटली होती. परड्याच्या वर तीस पावलांवर नवं ठाणं उभं होतं, एखाद्या बंद टपरीसारखं. डोक्यावर सौरपट्ट्या, कोपऱ्यात कॅमेरा, समोर चकचकीत नळकांडी. दुपारी बारा वाजल्यापासून ते कामावर आणि विदोसावा घरी.

"मावशी, हे तुमच्याविरुद्ध नाहीये बरं का," नेवेना म्हणाली. ही पाचवी माफी.

"नसेल. गारा तरी कुठे कोणाच्या विरुद्ध असतात?"

बारा वाजायला दहा मिनिटं असताना भिंतीवरचा रेडिओ खरखरला. "लिपोवाच, लिपोवाच, ऐकतंय का?"

"लिपोवाच ऐकतंय," विदोसावा म्हणाली. तिचा हात आधीच बटणावर गेला होता.

"हुकूम नाही. मी ओब्राद."

"माहीत आहे तू ओब्राद. बावीस वर्षांत दुसरं कोण बोललंय?"

रडार केंद्रातल्या या ओब्रादला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याला सर्दी कधी झाली, दात कधी काढला, नातू कधी झाला, एवढं मात्र आवाजावरून तिला कळत आलं होतं.

"निरोप घ्यायला बोललो," तो म्हणाला. "उद्यापासून मी नुसतं बटण दाबायचं."

"ते यंत्र 'ऐकतंय' म्हणतं का रे?"

"नाही गं. हिरवा दिवा लागतो."

"मग बरंय. उलट बोलायचं नाही."

"विदोसावा, तुझं उत्तर यायला कधी दोन सेकंदसुद्धा लागली नाहीत. पहिल्या दिवसापासून. मी इथे सगळ्यांना सांगायचो, लिपोवाचची बाई बघा."

विदोसावाचा चेहरा एकदम उतरला. नेवेनाला वाटलं, बाईला भरून आलं. "ठेव आता," विदोसावा म्हणाली आणि बटण सोडलं.

बाराला पाच कमी असताना नेवेनाने रेडिओचे स्क्रू काढले. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला.

पाहुणी ती पाहुणी. सामान न्यायला ट्रक येईपर्यंत विदोसावाने तिला अंगणात बसवलं आणि रीतीप्रमाणे बशीत चमचाभर प्लमचा मुरांबा आणि पेलाभर पाणी पुढे ठेवलं. मग कॉफी केली. नेवेना एक नोंदवही चाळत बसली होती.

"किती नीट लिहिलंय तुम्ही. वेळ, दिशा, कोन, रॉकेटं. मावशी, एक विचारू? बावीस वर्षांत तुम्ही किती वेळा गारा अडवल्यात?"

"पडल्या ते सांगते. पाच वेळा. न पडलेल्या कोणी मोजायच्या?"

"आम्हालाही हाच प्रश्न पडतो," नेवेना प्रामाणिकपणे म्हणाली. "रॉकेटं सोडली नसती तर काय झालं असतं, ते सिद्धच करता येत नाही. परिषदा भरतात, लोक भांडतात. पण लोकांना वाटतं काहीतरी करावं, म्हणून सरकार करतं."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं थोडं चालतं. तुम्हाला?"

विदोसावाने कपातला गाळ फिरवला. "आपण केलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करायला बसलं ना पोरी, की माणूस उठत नाही."

तेवढ्यात कुंपणाच्या खिंडारातून काठी आत आली आणि काठीमागून रोसांदा. ही शेजारीण चौऱ्याऐंशी वर्षांची. गेल्या हिवाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ती कुजबुजायची, आणि एकेकाळी नदीपलीकडच्या माणसाला घरी बोलावणाऱ्या बाईची कुजबुज ऐकताना गावाला कसंसंच व्हायचं. सप्टेंबरात मुलगी तिला चाचाकला आपल्या फ्लॅटमध्ये नेणार होती.

"हीच का ती, तुझी नोकरी खाणारी?" रोसांदाने नेवेनाकडे बोट करून विचारलं.

"ही नाही, काकू. तिने फक्त ताट वाढलंय."

"बारीक आहे गं पोर. साय दे तिला." रोसांदाने फडक्यात गुंडाळलेला वाडगा मेजावर ठेवला. तिच्या गाईच्या दुधाची, मीठ लावून मुरवलेली साय. दर वर्षी वसंत लागला की ती आठवड्याला एक वाडगा आणायची, बावीस वर्षं. मग ती डोंगरावरच्या टपरीकडे बघत म्हणाली, "रॉकेट मारतं म्हणे. हाक मारतं का?"

"कोणाला हाक?" नेवेनाने विचारलं.

विदोसावा उठून कप गोळा करू लागली. रोसांदाला मात्र सांगायला नवं माणूस हवंच होतं. तिने खुर्ची नेवेनाच्या कानाशी ओढली.

गारांचे ढग म्हणजे पांढरी गुरं. त्यांच्यापुढे गावातला शेवटचा बुडालेला माणूस चालतो. आकाश पांढरं पडू लागलं की बाईने जेवणाचं तीनपायी मेज अंगणात पालथं घालायचं, शेजारी कुऱ्हाड धार वर करून ठेवायची, आणि त्या बुडालेल्याला नावाने हाक मारून सांगायचं: बाबा रे, तुझी गुरं वळव, आमच्या शेतात घालू नकोस. पुढे दुसरा कोणी बुडाला की पहिल्याची सुटका. पण बावीस वर्षांत बेलित्सेत कोणी बुडालं नव्हतं.

"म्हणजे त्याची बदलीच झाली नाही," रोसांदा कुजबुजली. "अजून तोच आहे ड्यूटीवर."

"कोण?"

"हिचा नवरा. तिहोमिर."

नेवेनाने विदोसावाकडे पाहिलं. सहावी माफी तिच्या ओठांवर आली होती, पण ती बोलली नाही, हे बरं झालं.

"विदे," रोसांदा म्हणाली, "इतकी वर्षं मी मारली हाक. आता माझा घसा गेला. सप्टेंबरात मीच जाणार. आता तू मारायची."

"मी सरकारी माणूस, काकू. मला असलं शोभत नाही."

"बारा वाजून गेले," रोसांदा म्हणाली. "आता कुठली सरकारी?"

विदोसावा कप घेऊन आत गेली. नळाखाली कप धरून ती नुसतीच उभी राहिली.

हाक मारायला लाज कसली? गावातल्या अर्ध्या बाया मारायच्या. पण विदोसावाने बावीस वर्षांत तिहोमिरला एकदाही हाक मारली नव्हती, थडग्यावरसुद्धा नाही, आणि त्याच्या कारणाबद्दल तिने कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

तेव्हा नेमबाज तिहोमिर होता. जूनची दुपार होती, वर डोंगरात आधीच ढगफुटी झालेली. रोसांदाची कालवड नदीकाठच्या कुरणात बांधलेली होती. नदी चढताना पाहून रोसांदाने किंकाळी फोडली, "तिहोमिर, माझी कालवड!" तिहोमिर नळकांड्यांपाशी होता, तो तसाच उतारावरून धावत सुटला. पुढचं गावाला जे माहीत होतं ते असं: विदोसावा खोलीत होती, तिला काही ठाऊक नव्हतं. रेडिओवर हुकूम आला. बाईने कधी रॉकेटाला हात लावलेला नव्हता, नवऱ्याचं पाहून पाहून माहीत होतं तेवढ्यावर तिने दिशा लावली, कोन लावला आणि चार रॉकेटं सोडली. गारा पलीकडच्या जंगलात पडल्या. गाव वाचलं. कालवड आपली आपण पोहून काठाला लागली. तिहोमिर दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या खाली सापडला. गावाने विदोसावाला डोक्यावर घेतलं, खात्याने शाबासकीचं पत्र दिलं आणि नवऱ्याची नोकरी दिली.

यातलं सगळं खरं होतं, एक सोडून. विदोसावा खोलीत नव्हती, खोलीच्या दारात होती. तिहोमिर धावताना तिला दिसला होता. खालची नदीही दिसली होती, कॉफीच्या गाळासारखी काळपट आणि तिच्यात उलटीपालटी होत चाललेली झाडं. याने पाण्यात पाय घातला तर हा परत यायचा नाही, हे तिला जितकं स्पष्ट कळलं तितकं आयुष्यात दुसरं काही कळलं नसेल. ओरडायला तिने तोंड उघडलं. तिचा आवाजही काही लहान नव्हता, त्याला नक्की पोचला असता. आणि मागे रेडिओ बोलला, "लिपोवाच, लिपोवाच, ऐकतंय का?" ती वळली आणि म्हणाली, "लिपोवाच ऐकतंय."

दोन सेकंदसुद्धा लागली नव्हती, हे ओब्राद बरोबर सांगत होता.

रोसांदा मात्र बावीस वर्षं म्हणत आली होती, माझ्या हाकेने गेला, माझ्या हाकेने गेला. त्या पापाची फेड म्हणून ती दर आठवड्याला साय आणायची, त्याच कालवडीच्या लेकी-नातींच्या दुधाची. आणि आकाश पांढरं झालं की अंगणात उभी राहून तिहोमिरला हाक मारायची, मी बोलावलं होतं तर मीच वळवते म्हणून. खोलीत नळकांड्यांचा कोन लावताना विदोसावाला ती हाक ऐकू यायची आणि तिचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे. "तुमची चूक नव्हती, काकू," हे एक वाक्य तिला सांगता आलं असतं. पण ते सांगितलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. म्हणून ती साय घ्यायची, वाडगा धुऊन परत करायची, आणि गप्प राहायची.

ट्रक काही आला नाही. तीनच्या सुमाराला हवा कोंडली. पश्चिमेला डोंगराच्या मागून ढग वर आला, आधी निळा, मग शिशाच्या रंगाचा, आणि त्याच्या पोटात तो पांढरट पट्टा, जो पाहिला की लिपोवाचमधलं लहान पोरसुद्धा खेळ टाकून घरात जातं. विदोसावा अंगणात आली.

"दिशा दोनशे चाळीस," ती ढगाकडे बघत पुटपुटली. "कोन साठ. फार तर पासष्ट."

नेवेनाने टॅबलेटकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "दोनशे बेचाळीस," ती म्हणाली. "केंद्राने आत्ताच घेतलंय. विमानांसाठी थांबलेत, आकाश मोकळं झालं की सोडतील. तुम्ही खाली चला, मावशी, यंत्राजवळ थांबायची परवानगी नाही."

यंत्राजवळ थांबायची परवानगी नाही! विदोसावा खाली आली. हातांना काम नव्हतं, ते एप्रनच्या खिशात गेले आणि एका हाताला किल्ली लागली. खाली नदीकडे रास्पबेरीच्या ताटव्यांतून बाया टोपल्या टाकून घराकडे पळत होत्या. कोणीतरी सवयीने ओरडलं, "विदावैनी, मारा! मारा की!"

वर भोंगा वाजला. टपरी घरघरली, नळकांडी आपली आपण वळली, जराशी वर झाली, थांबली. विदोसावाच्या तोंडून "लिपोवाच ऐकतंय" निघून गेलं. ऐकायला कोणी नव्हतं. मग एकामागून एक चार रॉकेटं सुटली आणि ढगात शिरली. तिने सोडली असती तशीच. खरं सांगायचं तर जरा जास्तच सरळ.

"झालं," नेवेना म्हणाली. तिनेही हे कागदाबाहेर पहिल्यांदाच पाहिलं असावं. "हिरवा दिवा."

यंत्राचं झालं होतं. ढगाचं झालं नव्हतं. तो पुढे येतच होता.

कुंपणापलीकडे काहीतरी घसरल्याचा आवाज आला. रोसांदा तिचं तीनपायी मेज ओढत अंगणात आणत होती. काठी पडली होती. तिने मेज कलतं केलं, पण पालथं होईना. विदोसावा खिंडारातून पलीकडे गेली, एका हाताने मेज पालथं घातलं, कोपऱ्यातली कुऱ्हाड आणून धार वर करून ठेवली. हे काय करतोय असा विचार तिला शिवलाही नाही. हात मोकळे होते, एवढंच.

रोसांदाने ढगाकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली. नुसती हवा आली. तिने पुन्हा मारली. मानेवरच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण हाक निघाली नाही. तिने विदोसावाकडे पाहिलं.

विदोसावा उताराकडे वळली. तोच उतार होता. खाली तेच कुरण, तीच बेलित्सा, आज गुडघाभर पाण्याची, गरीब. मागे रेडिओ नव्हता. कोणी काही विचारत नव्हतं. तिने तोंड उघडलं, तसंच, बावीस वर्षांपूर्वी उघडलं होतं तसं.

"तिहोमिर!"

आवाज आधी फाटला. मग लागला.

"तिहोमिर! मागे वळ! अरे जाऊ दे ते वासरू! मागे वळ रे, तिहोमिर, मागे वळ!"

उतारावरून पळणाऱ्या बाया थबकल्या. वर नेवेना टॅबलेट छातीशी धरून उभी राहिली. विदोसावा ओरडतच होती, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, जणू तो अजून कुरणापर्यंत पोचलेला नाही आणि वेळ आहे.

दम संपला तेव्हा ती पालथ्या मेजाच्या पायाला धरून खाली बसली. मोठाले थेंब पडू लागले.

"गुरं वळव म्हणायचं असतं, पोरी," रोसांदा तिच्या कानाशी कुजबुजली. मग ती थांबली. "वासरू? तुला काय माहीत गं तेव्हा? तू तर खोलीत होतीस."

"दारात होते, काकू."

विदोसावाने सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही, चार वाक्यांचंच होतं. दारात होते. तो पळताना दिसला. ओरडायला तोंड उघडलं. रेडिओ वाजला आणि मी त्याला उत्तर दिलं.

रोसांदाच्या ओढणीवर थेंबांचे डाग पडत होते. दोन-तीन गारा मेजाच्या पालथ्या फळीवर टपटपल्या, वाटाण्याएवढ्या, आणि विरघळल्या.

"बावीस वर्षं," रोसांदा शेवटी म्हणाली.

"बावीस वर्षं."

"मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालत होते."

"माहीत आहे."

"आणि तू साय खात होतीस."

"खात होते, काकू."

रोसांदाने काठी शोधली. विदोसावाला वाटलं, आता मारणार, आणि मारलं असतं तर बरंच वाटलं असतं. पण म्हातारीने काठी जवळ ओढून मांडीवर आडवी ठेवली आणि ती तिथेच, ओल्या जमिनीवर, तिच्या शेजारी बसली. दोघी ढगाकडे बघू लागल्या. पांढरा पट्टा उत्तरेकडे सरकत होता. तो रॉकेटांनी सरकला, वाऱ्याने सरकला की आणखी कशाने, ते सांगणारं कोणी नव्हतं. पाऊस सरळ झाला, साधा, बागायतीला हवा असतो तसा.

नेवेना जाकीट डोक्यावर धरून खिंडारातून आली. "मावशी, कोण होतं बाहेर? कोणाला बोलावत होतात? बरा आहे ना तो?" मग तिला पालथं मेज दिसलं. तिला काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून ती मेज सरळ करायला वाकली.

"राहू दे," दोघी एकदम म्हणाल्या.

"केंद्र विचारतंय, काय नोंद करायची?"

"लिही," विदोसावा म्हणाली. "लिपोवाच. गारा नाहीत."

नेवेनाने लिहिलं. विदोसावा उठली आणि रोसांदाच्या काखेत हात घालून तिला उभं करू लागली. म्हातारी हलकी झाली होती, पण अंग सोडून दिल्यामुळे जड लागत होती. उभी राहिल्यावर तिने विदोसावाचं मनगट सोडलं नाही. तसंच धरून तिने तोंड कानाजवळ नेलं.

"पुढच्या वेळी गुरांचंही सांग हो त्याला," ती कुजबुजली. "नाहीतर तो बिचारा खरंच मागे वळेल, आणि गुरं मोकाट सुटतील."

"सांगेन, काकू," विदोसावा म्हणाली. तिने एप्रनच्या टोकाने म्हातारीचं तोंड पुसलं. खिशातली किल्ली मध्ये आली, ती बाजूला सारून पुन्हा पुसलं, आणि तिला घरात घेऊन गेली.